धाकट्याचा नादकाटा

जुनी टेप वाजवण्याआधी भाजावी लागते, असं सांगितलं की लोक हसतात. धाकटे हसले नाहीत. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी फक्त विचारलं की भाजताना ती जळत नाही का.

जळत नाही, मी म्हणाले. भाजणं हा आमचा बोलण्यातला शब्द आहे. अंगात सणकून ताप असतो त्याहून थोडी जास्त ऊब, बस. टेपची पट्टी प्लास्टिकची असते आणि तिच्यावर लोखंडाच्या गंजाची बारीक पूड चिकटवलेली असते. त्या काळातला चिकटवणारा थर वर्षानुवर्षं हवेतला ओलावा शोषत राहतो आणि शेवटी लिबलिबीत होतो. अशी टेप तशीच यंत्रावर चढवली तर ती किंचाळते, आणि आवाज तपकिरी मळ होऊन यंत्राच्या तोंडाशी साचतो. मंद उष्णतेत सुकवली की ती काही आठवडे शहाण्यासारखी वागते. तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यायची. मी रसायनशास्त्र शिकले ते औषधाच्या कारखान्यात जायचं म्हणून. गेली कित्येक वर्षं मात्र एका तळघरात, ना ऊन ना वारा, हेच काम करते आहे. मला ते आवडतं.

"भाजा मग," धाकटे म्हणाले. "आम्हाला लोकांनी काय कमी भाजलंय."

त्यांचं वय सत्तरीच्या पुढे आहे. तरी सगळे त्यांना धाकटेच म्हणतात, कारण बँडचा गायक त्यांचा थोरला भाऊ होता. धाकटे बेस गिटार वाजवायचे. बँडमधले आता ते एकटेच उरले आहेत.

त्या बँडबद्दल मला फारसं माहीत नव्हतं, पण त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवरचं चित्र माहीत होतं: काळ्यावर पांढरे करवतीचे दाते. माझ्या इमारतीतली शाळकरी पोरंही ते छापलेले शर्ट घालतात. ज्याच्या हातात विजेवरची गिटार आणि डोक्यात राग आहे, असा प्रत्येकजण कधी ना कधी त्या रेकॉर्डपाशी येऊन गेलेला असतो. ठोका जड, गिटारी दगड फोडल्यासारख्या, आणि त्या सगळ्याच्या वर तो आवाज. बारीक, धारदार, माणसाच्या गळ्यातून निघतो यावर विश्वास बसू नये इतका चढा. लोकांनी गायकाचं नावच करवत ठेवलं. त्याच्यानंतर दोन पिढ्यांचे गायक तसे किंचाळायला शिकले, आणि आज त्या जातीच्या संगीतात तसं गाणं हीच रीत झाली आहे.

आणखी एक गोष्ट मला धाकट्यांची फाइल आली तेव्हा कळली. ती गाणी रेकॉर्डबरोबर वाजवायची तर गिटारीच्या तारा थोड्या पिळून घ्याव्या लागतात. त्यांची पट्टी धड ही नाही, धड ती नाही, दोन सुरांच्या मधेच कुठेतरी आहे. गिटार शिकवणारे पहिल्याच दिवशी हे सांगतात. याच्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. ऐकणाऱ्याला अस्वस्थ वाटावं म्हणून मुद्दाम केलं, असं बहुतेकांचं मत. धाकट्यांनाही मुलाखतींमध्ये हा प्रश्न हमखास यायचा, आणि ते हसून म्हणायचे की ते आमचं गुपित आहे.

रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला ती नव्याने बाजारात आणायची होती, म्हणून मूळ टेपा माझ्याकडे आल्या. काम साधं होतं. स्वच्छ करा, पण आहे तसंच ठेवा.

पहिली टेप सुकवून यंत्रावर चढवली तेव्हा गाण्याच्या आधीची गडबड ऐकू आली. रेकॉर्डवर ती कापलेली आहे. खुर्ची सरकली. कुणीतरी खोकलं. काहीतरी बोलणं झालं, कार्टूनमधल्या माणसांसारखं जरा चिरकं. आणि मग टण्ण असा एक स्वच्छ, एकटा सूर. लाकडावर आपटून धरलेला.

तो मी लगेच ओळखला. नादकाटा. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही तो रबराच्या तुकड्यावर आपटून कानाशी न्यायचो. वादक त्याला फोर्क म्हणतात आणि त्याच्यावर वाद्यं लावतात. पोलादाचे दोन दांडे. एकच सूर जाणतात, आणि तो सोडत नाहीत. मी सवयीने तो सूर मोजला. तो असायला हवा त्यापेक्षा वर होता. गाणी वर आहेत तेवढाच वर.

मग मी टेपचा वेग तपासला. त्याची एक पद्धत आहे. कुठल्याही जुन्या ध्वनिमुद्रणाच्या तळाशी विजेची बारीक घरघर असते. विजेची गती ठरलेली, म्हणून घरघरीचा सूरही ठरलेला. तो बरोबर आला तर टेपचा वेग बरोबर. या टेपवर तो तंतोतंत बरोबर आला. माझ्याआधी ज्यांनी ज्यांनी ही टेप तपासली होती, त्यांनीही हेच पाहून ती हातावेगळी केली असणार.

म्हणजे वीज म्हणत होती वेग ठीक आहे, आणि पोलाद म्हणत होतं ठीक नाही. पुढचे काही दिवस मी ओव्हनसमोर बसून डबा खाताना याचाच विचार करत होते. ताईचा रविवारचा फोन आला. तिने नेहमीप्रमाणे विचारलं की अजून तळघरातच आहेस का, बुरशी येईल अंगाला. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, काटा बिघडला असेल, त्यात काय एवढं. मग भाचीच्या परीक्षेचं निघालं.

पण नादकाटा असा बिघडत नाही. पडून त्याला पोचा येईल, सूर इतका चढणार नाही. मी धाकट्यांना फोन केला आणि विचारलं की तुमच्याकडे तेव्हा एक फोर्क होता का.

"आहे की अजून. पण तो खोटा आहे. माझ्याच हातून पडला होता."

घेऊन या, मी म्हणाले.

त्यांनी तो चष्म्याच्या घरात घालून आणला. काळपट, मुठीला रंगाचा डाग. मी तो वाजवून मोजला. सूर अगदी जागेवर होता, केसभरही इकडेतिकडे नाही. मग टेपवरचा वाजवला. नंतर पुन्हा हातातला. शिकलेला कान लागत नाही त्यासाठी. दोन्ही सूर शेजारी ठेवले तर कुणालाही कळेल की टेपवरचा चढा आहे.

"तो दुसरा असेल," धाकटे म्हणाले. पण मी पुन्हा लावलं तेव्हा त्यांनी काठी बाजूला ठेवली. नाही, तोच होता. बेसच्या मागच्या लाकडावर आपटायची ती त्यांचीच खोड होती, दादा त्यावरून ओरडायचा.

मी विचारलं की त्या दिवसांत स्टुडिओत वीज कुठून येत होती.

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. स्टुडिओ म्हणजे एका लाकडाच्या वखारीमागची खोली. त्या आठवड्यात त्या भागातली वीज गेली होती. तारीख पुढे ढकलणं परवडणारं नव्हतं, म्हणून मालकाने वखारीचा जनरेटर लावला. धुराचा वास थेट आत यायचा. सगळ्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली की तो कण्हायचा आणि दिवे पिवळे पडायचे. ड्रमर म्हणायचा, आपला पाचवा वादक बाहेर बसलाय, चौघांच्या बँडमध्ये.

मी त्यांना कागदावर दोन रेघा काढून समजावलं. जनरेटरवर ओझं पडलं की तो हळू फिरतो. टेपचं यंत्र विजेच्या गतीवर चालतं, म्हणून तेही हळू फिरलं. हळू भरलेली टेप पुढे चांगल्या विजेवर, नेहमीच्या वेगाने वाजवली की सगळं चढतं. ठोका थोडा जलद, गिटारी थोड्या वर, गळा थोडा बारीक. घरघर मात्र त्याच मंद विजेची होती. ती जेवढी उतरली होती तेवढीच वाजवताना चढली आणि बरोबर जागेवर येऊन बसली. म्हणून कुणाला शंका आली नाही.

"पण आम्ही तिथेच ऐकलं होतं की परत," ते म्हणाले. "सगळ्यांनी. ठीक होतं."

तेव्हाही जनरेटरच चालू होता. यंत्र तितकंच हळू फिरत होतं. तिथे ते ठीकच ऐकू आलं असणार.

मग जे सांगितलं ते धाकट्यांनी माझ्याकडे न बघता, कागदाशीच बोलल्यासारखं सांगितलं.

रेकॉर्ड छापून आली तेव्हा चौघांनी ती दुकानात उभ्याउभ्या ऐकली. दादा पहिल्याच ओळीला म्हणाला, हा मी नाही. सगळे हसले. दुकानदारही हसला. यंत्रातून आलेला स्वतःचा आवाज कुणालाच ओळखीचा वाटत नाही, तू काय आभाळातून पडलास का, असं म्हणून त्यांनी त्याची खेचली. त्यानंतर दादा ते पुष्कळदा म्हणाला, आणि दर वेळी कुणीतरी हसलं. रेकॉर्ड तर वणव्यासारखी पसरली. लोक मैफलीला यायचे ते करवत ऐकायला. पण मंचावर गाणी ढिली वाटायची. तेव्हा धाकट्यांनीच शोध लावला की आपण रेकॉर्डपेक्षा खाली वाजवतोय. फोर्क पडला होता, म्हणजे तोच बिघडला असणार. त्यांनी तो खणात टाकला आणि त्या दिवसापासून बँडची वाद्यं स्वतःच्या रेकॉर्डवर लावायला सुरुवात केली.

दादाला ते झेपेना. तो रोज रात्री दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात गात होता, आणि तो दुसरा कुणी जगात नव्हताच. घसा सुजला, मग फाटला. धाकटे त्याला म्हणायचे की तू मेहनत करत नाहीस, नशा करतोस, रेकॉर्डवर लागतो तो सूर आता का लागत नाही. दोन शस्त्रक्रियांनंतर बोलणंही कुजबुजण्याइतकंच उरलं. बँडने दुसरा गायक घेतला. तो पोरगा ती रेकॉर्ड ऐकतच मोठा झालेला, त्याला ते चढं सहज यायचं. बँडचं खरं नाव त्याच्यानंतर झालं. धाकटे बँडबरोबर राहिले. दादा एका चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानात लागला. तिथे यंत्राच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नाही. भावांचं बोलणं तर त्याआधीच तुटलं होतं. दादाच्या अंत्यविधीला धाकटे रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले आणि तिथूनच परतले.

मी टेपचा वेग नादकाट्यावर आणून ठेवला होता. ऐकायचंय का, असं मी विचारलं नाही. त्यांनीच बोटाने खूण केली.

खुर्ची सरकली. कुणीतरी खोकलं. आता ती माणसं होती, कार्टून नव्हती. आणि एक भारदस्त, शांत, किंचित घोगरा आवाज म्हणाला:

"थांब, धाकट्या. हे बसतंय माझ्या गळ्याला. असंच ठेव."

मग काटा, मग ठोका, मग गाणं. ती करवत नव्हती. रुंद छातीचा एक माणूस जड काहीतरी उचलत होता आणि ते त्याला उचलत होतं. मला संगीतातलं कळत नाही. पण तो माणूस घाईत नव्हता, एवढं मला कळलं.

धाकट्यांनी पहिलं कडवं संपायच्या आतच हात वर केला. मी बंद केलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "आहे तेच छापा. आता सांगायचं तरी कुणाला? गिटारवाला गेला, ड्रमर गेला, तो दुकानदारसुद्धा गेला असेल."

त्यांनी काटा चष्म्याच्या घरात घातला, आणि चष्मा तसाच हातात घेऊन गेले.

कंपनीच्या बाईंना मी कळवलं. त्या समंजस आहेत. खरं असेल हो, म्हणाल्या, पण ओळखीचं नाही ना. लोकांच्या कानात दुसरंच बसलंय. तरी हक्क दोघांकडे आहेत, धाकट्यांकडे आणि गायकाच्या मुलीकडे; ते दोघं म्हणतील तसं. मुलीने आजवर प्रत्येक कागदावर न बोलता सही केली होती. वडिलांची रेकॉर्ड तिच्या घरात नाही, असं तिने एकदा कळवलं होतं.

एकदा सुकवलेली टेप पुन्हा ओल धरते. मी दोन्ही वेगांच्या नकला करून ठेवल्या आणि दुसऱ्या कामाला लागले. भूकंपमापकाच्या टेपा होत्या, त्यांवर कुणीच बोलत नाही. तरी डबा खाताना एकदोनदा मी ते वाक्य लावलं. दुसऱ्यासाठी बोललेलं होतं ते, पण तळघरात त्या आठवड्यात माझ्याशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

धाकटे आले ते न कळवता, एका दुपारी. दाढी गुळगुळीत केली होती आणि हनुवटीवर कापलं होतं. इथला फोन वापरू का, असं त्यांनी विचारलं.

"पोरगी माझा नंबर उचलत नाही."

मी टेबलावरचा फोन त्यांच्यासमोर ठेवला आणि आवाज सगळ्या खोलीत येईल असं बटण दाबलं, कारण त्यांच्या हाताला फोन धरवत नव्हता. बाहेर जाते म्हणाले, तर त्यांनी नको म्हटलं. टेप कोण लावणार?

पलीकडून एका बाईने कोण बोलतंय असं विचारलं. मागे भांड्यांचा आवाज होता.

"काका," ते म्हणाले.

"कुठला काका?"

त्यांना एकच पुतणी, तिला एकच काका. भांड्यांचा आवाज थांबला.

"बोला," ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी टेप सोडली. खुर्ची, खोकला. थांब, धाकट्या. हे बसतंय माझ्या गळ्याला. असंच ठेव. काटा वाजला तिथे मी थांबवलं. तो सूर खोलीत थोडा उरला. तो नक्की कुठे संपतो हे कधीच सांगता येत नाही; त्याच्याआधी आपला कान संपतो.

फोन तुटला की काय असं मला वाटलं.

"पुन्हा लावा."

मी पुन्हा लावलं.

"हे कुठून आणलं तुम्ही?" तिने विचारलं. "बाबांचा असा आवाज मी चार-पाच वर्षांची असताना होता. मला वाटायचं, मीच मनाने रचलाय."

धाकट्यांनी सांगितलं. जनरेटर, टेप, फोर्क. माझ्या दोन रेघा त्यांनी हवेत बोटाने काढल्या, जणू तिला त्या दिसणार होत्या. शेवटी म्हणाले, "दादा म्हणायचा तेच खरं होतं. तो तो नव्हताच. मी पट्टी चढवली, आणि वर त्यालाच बोल लावला."

"बाबा मलाही सांगायचे," ती म्हणाली. "कुजबुजत. रेडिओवर लागलं की. हा मी नाही गं. मीसुद्धा हसायचे."

धाकट्यांनी डोळे मिटले. मला वाटलं की आता दोघं काहीतरी बोलतील, एवढी वर्षं साठलेलं. पण पलीकडे नळ सुरू झाला आणि बंद झाला, आणि तिचा आवाज पहिल्यासारखा कोरडा झाला. काय छापायचं ते नंतर सांगते, आधी मला सगळं ऐकायचंय, असं ती म्हणाली. फोनवर नाही, तिथे येऊन.

"ये ना," धाकटे म्हणाले. "ये. मी—"

"तुम्ही नसताना येईन."

त्यांनी मान डोलावली. फोनमध्ये ते दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला क्षणभर गेला. मग ते म्हणाले, "बरं." तिने फोन ठेवला होता की नव्हता, मला माहीत नाही.

ते उठले. चष्म्याचं घर खिशातून काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. तिला दाखवा, म्हणाले, तिच्यासमोर वाजवा, म्हणजे तिला कुणाच्या बोलण्यावर विसंबायला नको. कंपनीला सांगा, ती म्हणेल तेच माझं. मी त्यांना आतला चष्मा काढून दिला. तो ते विसरले होते.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते थांबले.

"कधी येतेय ते मला कळवाल का? म्हणजे त्या दिवशी मी चुकूनही इकडे फिरकणार नाही."

कळवीन, मी म्हणाले.

ते दोन पायऱ्या चढले. भिंतीला हात टेकून वळले आणि माझ्या डोक्यावरच्या दिव्यांकडे पाहू लागले, एकेका दिव्याकडे सावकाश.

"इथली वीज जात नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "इथे जात नाही."